स्वमग्न प्रौढांचा थकवा आणि नैराश्याच्या गोळ्या

महोदय,

नैराश्यावरच्या लेखांत सल्ला ठरलेला असतो: घराबाहेर पडा, चार माणसांत मिसळा. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, प्रौढांच्या बाबतीत हा सल्ला कित्येकदा उलटा पडतो. ते फारसं छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

चारचौघांसारखं दिसण्यासाठी नजरेला नजर देणं, हात हलवायची ओढ दाबणं, समोरच्याचा हेतू मनातल्या मनात उलगडत बसणं. यात वर्षानुवर्षं खर्ची पडलेली ताकद एक दिवस संपते. याला ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. थकवा महिनोन् महिने हटत नाही, एरवी चालून जाणारी मिक्सरची घरघर असह्य होते आणि अंघोळ, स्वयंपाक, फोनवर बोलणं अशी रोजची कामंही जमेनाशी होतात. नैराश्यही वरवर असंच दिसतं. ढोबळ फरक एवढाच, की थकलेल्या माणसाला आपल्या आवडीच्या विषयाची, रेल्वेच्या वेळापत्रकाची म्हणा, ओढ शिल्लक असते, त्राण नसतं. अंधारी, शांत खोली मिळाली की जरा बरं वाटतं. नैराश्यात ती ओढच विझते. दोन्ही एकत्र असणंही नवं नाही. पण नुसत्या थकव्यावर आधी भार उतरवायचा असतो: पाहुणे, समारंभ, फोन कमी, कामाचे तास कमी, कानाला इअरप्लग. अशा माणसाला लग्नाला ओढून नेलं तर तो आणखी खचतो.

तपासणीतही गफलत होते. ‘मूड कसा आहे?’ याचं उत्तर अनेकांना देताच येत नाही, कारण स्वतःच्या भावना ओळखणंच अवघड जातं. ‘ठीक’ म्हणतात आणि डॉक्टर पुढं जातात. नेहमीच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत झोप, भूक, एकाग्रता विचारतात. स्वमग्न माणसाच्या या गोष्टी मुळातच वेगळ्या असतील तर गुण फसवे येतात. विचारायला हवं ते ‘सहा महिन्यांपूर्वीपेक्षा काय बदललं?’ दोन आठवड्यांची वही सोबत न्यावी: किती वाजता झोपलो, काय खाल्लं, अंघोळ झाली का, आवडीचं काम किती मिनिटं केलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासून घ्यावं.

आता गोळ्या. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर नैराश्याच्या गोळ्या नेहमीचा उपाय म्हणून देऊ नयेत, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या 2012च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तिथं शंका रास्तच आहे. मात्र सोबत खरंच नैराश्य असेल तर गोळी नाकारणं धोक्याचं, कारण स्वमग्न प्रौढांत आत्महत्येचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे. अडचण सहसा डोसची असते. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध बहुधा 50 मिलिग्रॅमनं सुरू होतं; अनेक स्वमग्न व्यक्तींना दुष्परिणाम लवकर जाणवतात, म्हणून 25 पासून हळूहळू वाढवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र आधी येतात: मळमळ, झोप उडणं, एका जागी बसवत नाही इतकी बेचैनी. ही बेचैनी स्वभावाची समजू नये, लगेच कळवावी. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीचे आठवडे विशेष लक्ष हवं. ‘सवय लागेल’ म्हणून गोळी एकदम बंद केली की चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके येतात, आणि घरच्यांना वाटतं, बघा, सवय लागलीच. नशेची सवय ती नव्हे. डोस टप्प्याटप्प्यानं उतरवला तर हा त्रास बराच टळतो.

एक बारीक गोष्ट राहतेच. औषधवाला तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देतो. गोळीचा रंग, चव, आकार बदलतो आणि माणूस ती गिळूच शकत नाही. लाजेनं सांगतही नाही, गोळ्या डब्यात साठतात. ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणण्याआधी डॉक्टरांनी तो डबा बघायला मागावा, आणि चिठ्ठीवर एकच कंपनी लिहून द्यावी.

जीव नकोसा वाटत असेल तर 14416 हा सरकारी टेलिमानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. ज्यांना फोनवर शब्द फुटत नाहीत, त्यांच्या वतीनं घरच्यांनी लावावा.

एक वाचक, पुणे