चिऊ, मी बॅज परत केला

उत्तर व्हर्जिनिया,
सप्टेंबर 2025

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर, कंपन्यांच्या प्रमुखांना सांभाळायच्या माझ्या नव्या कामाबद्दल ऐकून, तू विचारलंस, "म्हणजे आई, आता तू फक्त पैसेवाल्यांना सांभाळणार?" मी म्हटलं, भाजी करपतेय, नंतर बोलू. भाजी करपत नव्हती. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. दोन दिवस तुझा प्रश्न डोक्यात घोळत राहिला, म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहितेय, कारण वीस वर्षं मी इंग्रजीत अहवालच लिहिले आणि त्या भाषेत तुला लिहायला घेतलं की पत्राचाही अहवाल होतो. कुठे शब्द अडला तर आजीला फोन कर, तेवढीच ती खूश होईल.

शुक्रवारी एफबीआयचा बॅज, ओळखपत्र, पिस्तूल, लॅपटॉप सगळं जमा केलं. एकेका वस्तूपुढे सही. काउंटरवरच्या मुलीने पिस्तुलाचा नंबर मोठ्याने वाचला, मी यादीशी ताडून पाहिला, तिने ते एका करड्या पेटीत ठेवलं. पार्किंगमध्ये गाडीत बसताना सवयीने उजवी कोपर जरा बाहेर काढली, आणि तिथे काहीच नव्हतं. मी बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

तुझ्या बाबांनाही वाटलं, घाई केली. एफबीआयच्या एजंटला वयाच्या 57 व्या वर्षी सक्तीने निवृत्त व्हावं लागतं, आणि वीस वर्षं नोकरी झाली असेल तर पन्नाशीनंतर केव्हाही बाहेर पडता येतं. मी 53 ची. अजून चार वर्षं सहज काढली असती.

मी भरती झाले 2005 मध्ये, 33 व्या वर्षी. सदतिशी लागायच्या आत घेतात. नागरिकत्व, सीपीए म्हणजे इथलं सीए, तू, असं सगळं करता करता तेवढं वय झालं होतं. तू दोन वर्षांची होतीस. आजी साताऱ्याहून तुला सांभाळायला आली आणि मी चार-साडेचार महिने क्वांटिकोला, एफबीआयच्या प्रशिक्षणाला. रात्री फोन केला की तू फोनवर यायचीच नाहीस, आजीच्या पदराआड लपायचीस. शेवटी दीड मैल धावायची परीक्षा दिली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो पदर होता. 1920 च्या दशकातल्या मोजक्या बायका सोडल्या तर 1972 पर्यंत बायकांना एजंट म्हणून घेतच नसत. त्या वर्षी जुलैमध्ये पुन्हा दोघी आल्या, एक आधी नन होती, दुसरी मरीन. त्या दोघींचा विचार मी फार वेळा केलाय.

केसेसबद्दल इथे लिहीत नाही. ते बंधन सुटलेलं नाही आणि सुटूही नये. पण वीस वर्षांचं एक वाक्य सांगते: आम्ही नंतर पोचायचो. पैसे गेल्यावर, माणूस गेल्यावर, दार फुटल्यावर. मग पुरावे, समन्स, वॉरंट, कोर्ट. ते काम फार महत्त्वाचं आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण नंतर पोचणं मला दिवसेंदिवस जड जात होतं.

19 जुलै 2020 चा रविवार तुला आठवत नसेल. न्यू जर्सीत नॉर्थ ब्रन्सविकला फेडरल जज एस्थर सालस यांच्या घराची बेल वाजली. दारात पार्सलवाल्याच्या वेशातला माणूस. त्यांच्या मुलाने, डॅनिएलने, दार उघडलं आणि त्या माणसाने गोळ्या झाडल्या. डॅनिएल एकुलता एक, वीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. वडील गंभीर जखमी झाले, आई तळघरात होती म्हणून वाचली. मारेकरी वकील होता, तिच्या कोर्टात त्याची केस होती. त्याच्याकडे तिची अख्खी कुंडली होती: घर, कामावर जायचा रस्ता, मैत्रीण, चर्च. कुणाचं कुलूप फोडून त्याने ती मिळवली नव्हती. तू तेव्हा सतरा वर्षांची होतीस. लॉकडाऊनमुळे घरीच होतीस आणि बेल वाजली की पळत जाऊन दार उघडायचीस. त्या आठवड्यात मी तुझ्यावर ओरडले होते, "विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही!" तू दोन दिवस बोलली नव्हतीस. कारण मी सांगितलं नव्हतं, ते हे.

त्या आईने हार मानली नाही. त्याच वर्षी न्यू जर्सीत डॅनिएलच्या नावाने कायदा झाला आणि 2022 च्या डिसेंबरात फेडरल कायदाही झाला, न्यायाधीशांचे पत्ते विकायला बंदी घालणारा. आणि या वर्षी देशभरातल्या जजेसच्या घरी कुणीतरी न मागवलेले पिझ्झा पाठवतंय, काहींवर ऑर्डर देणाऱ्याचं नाव डॅनिएलचं. अर्थ एवढाच, की तुझं घर आम्हाला माहीत आहे. ते वाचलं त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि बहुतेक त्याच रात्री माझं ठरलं.

आता दुसरी गोष्ट. ही तुला कधीच सांगितली नव्हती.

2011 ची दिवाळी. तू आठ वर्षांची. दारात रांगोळी, तू नवा परकर-पोलका घालून पणत्यांजवळ बसलेली, आणि तुझ्या मागे दाराच्या चौकटीवर घराचा पितळी नंबर. फोटो मी काढला आणि कौतुकाने पुण्याला मावशीला पाठवला. तिने तितक्याच कौतुकाने फेसबुकवर टाकला, माझ्या नावासकट. तीनएक आठवड्यांनी आपल्या पत्रपेटीत एक पाकीट आलं. तिकीट नाही, शिक्का नाही, म्हणजे कुणीतरी हाताने आणून टाकलेलं. आत तोच फोटो, साध्या कागदावर छापलेला. बाकी एक अक्षर नाही.

कसं शोधलं असेल, हे मला पाच मिनिटांत कळलं. आपल्या काउंटीत घरांच्या मालकीची नोंद सार्वजनिक असते, कुणालाही बघता येते. स्मिथ असतो तर शेकडो घरं निघाली असती. आपलं आडनाव त्या यादीत एकदाच होतं. फोटोतल्या नंबरने खात्री करून घेतली, झालं. त्या हिवाळ्यात बाबा तुला रोज शाळेच्या वर्गापर्यंत सोडायला यायचे आणि आम्ही तुला सांगितलं होतं की रस्त्याचं काम चालू आहे. पुढे काही झालं नाही. माणूस सापडलाही नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे. मावशीला मी कधी बोलले नाही, तूही बोलू नकोस. चूक आधी माझी होती.

नवं काम म्हणजे हेच, फक्त उलट्या बाजूने. डिजिटल एक्झिक्युटिव्ह प्रोटेक्शन असं भारदस्त नाव आहे. एखाद्या कंपनीची प्रमुख किंवा संचालक घ्यायची आणि मारेकऱ्याने शोधावं तसं तिला शोधायचं. घराचं खरेदीखत, मतदार नोंदणी, जुने फोन नंबर, चोरीला गेलेले पासवर्ड, घर विकताना एजंटने काढलेले बेडरूमचे फोटो, जे घर विकून झालं तरी तसेच राहतात. मुलाच्या पोहण्याच्या स्पर्धेचं वेळापत्रक. नवऱ्याचं पळण्याचं अॅप. गेल्या वर्षी फ्रेंच पत्रकारांनी राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांच्या स्ट्राव्हा या अशाच अॅपवरून दौऱ्याचे मुक्काम शोधून दाखवले होते. बॉस बहुधा सावध असतो, फट राहते घरच्यांकडून. दिवाळीच्या फोटोसारखी.

मग एकेका डेटा ब्रोकरला, म्हणजे लोकांची माहिती गोळा करून विकणाऱ्या कंपनीला, अर्ज करून माहिती काढून टाकायला लावायची. ती परत येते. हे लोक एकमेकांकडून याद्या विकत घेतात, त्यामुळे काढलेला पत्ता काही महिन्यांनी पुन्हा उगवतो. आजोबांच्या शेतातलं काँग्रेस गवत आठव. मुळासकट उपटलं तरी पुढच्या पावसात बांधावर हजर. आजोबा दर वर्षी उपटायचे, फुलावर यायच्या आत. मीही तेच करणार.

दुसरा भाग धमक्या वाचण्याचा, आणि इथे माझी वीस वर्षं कामी येतील. राष्ट्राध्यक्षांना सांभाळणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने 1990 च्या दशकात, प्रसिद्ध व्यक्तींवर हल्ला केलेल्या किंवा करू पाहणाऱ्या 83 जणांचा अभ्यास केला होता. त्यातल्या बहुतेकांनी आधी थेट धमकी दिलेलीच नव्हती. इंटरनेटवर शिव्या देणारे हजार, पण एखादा गप्प असतो आणि हॉटेलच्या मागच्या दाराची चौकशी करत असतो. तो एक वेळेत ओळखायचा. आता माझ्या हातात समन्स नाही, वॉरंट नाही. कुणाही नागरिकाला जे दिसतं तेवढंच मला दिसणार, आणि पुढचं काही करायचं तर पोलिसांना फोन. हे मला जड जाणार आहे, खोटं कशाला सांगू.

आता तुझा प्रश्न. 4 डिसेंबर 2024 ला सकाळी न्यूयॉर्कमध्ये युनायटेडहेल्थकेअरचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांना हॉटेलबाहेर फुटपाथवर गोळ्या घातल्या. ते गुंतवणूकदारांच्या सभेला पायी निघाले होते. तुझ्या कितीतरी मैत्रिणींनी त्यावर हसण्याच्या खुणा टाकल्या. इन्शुरन्सबद्दलचा राग मला कळतो. आजी इथे पडली होती तेव्हा बिलांचे कागद तूच माझ्यासोबत लावत होतीस. तो राग कोर्टात घेऊन जा, निवडणुकीत घेऊन जा, म्हणून तर तू कायदा शिकतेयस. पण फुटपाथवर पडला होता तो दोन मुलांचा बाप होता आणि मला ते हसू सहन झालं नाही, तुझ्या मैत्रिणींचं असलं तरी.

तर हो, पैसेवाल्यांना सांभाळणार. मेटा कंपनी झकरबर्गच्या सुरक्षेवर वर्षाला दोन कोटी डॉलरहून जास्त खर्च करते. डॅनिएलच्या आईच्या दाराशी त्या दिवशी कुणी नव्हतं. ही विषमता आहे आणि माझ्या नव्या पगारात ती मला दर महिन्याला दिसेल. म्हणून करार करताना शुक्रवारची दुपार मी स्वतःसाठी मागून घेतली. मारकुट्या नवऱ्यापासून पळून आलेल्या बायकांच्या निवाऱ्यात जाऊन हेच अर्ज त्यांच्यासाठी भरणार. अर्ज तेच, ब्रोकर तेच. 1991 मध्ये वॉशिंग्टन राज्याने अशा बायकांसाठी पर्यायी पत्त्याची सोय सुरू केली, आता ती बऱ्याच राज्यांत आहे आणि निम्म्या बायकांना माहीतच नसते, असं निवाऱ्यातल्या ताई म्हणत होत्या. एवढ्याने तुझं समाधान होईल की नाही, माहीत नाही. तुझं म्हणणं दिवाळीत ऐकेन, या वेळी भाजीचं कारण सांगणार नाही.

येण्याआधी दोन कामं कर. फोन कंपनीला सांगून नंबरला वेगळा पिन लाव, म्हणजे तुझं सिम दुसऱ्या कुणाला सहज काढता येणार नाही. आणि फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी बंद कर. रांगोळीचा फोटो या वर्षीही काढू, फक्त तुला तुळशीकडे तोंड करून बसवीन.

अजून एक. हल्ली दोन-चार वाक्यांवरून कुणाचाही आवाज बनवता येतो. तुझ्या आवाजात रडत कुणी आजीला फोन केला तर ती दागिने मोडून पैसे पाठवेल, हे तुला माहीत आहे. घरच्यांनी आपसात एक गुप्त शब्द ठरवावा, असं एफबीआयनेच गेल्या डिसेंबरात सांगितलंय. मी शब्द निवडलाय. तू दोन वर्षांची असताना आजीच्या पदराआडून फोनवर एकदाच बोलली होतीस, तो. तुला आठवत नसेल, आजीला पक्का आठवतो. इथे लिहीत नाही. आलीस की कानात सांगेन.

तुझी,
आई