पाडकाम भंगाराच्या भावावर देऊ नये

माननीय नगरविकास मंत्री, गोवा राज्य यांस,

महोदय,

सप्रेम नमस्कार. इमारत बांधताना मालकाला वास्तुविशारद लागतो, स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते आणि पालिकेचा किंवा पंचायतीचा परवाना लागतो. तीच इमारत पाडायची झाली की मात्र काम बहुधा लोखंड, सागवान आणि नळे (छपराची कौले) यांना सर्वांत जास्त भाव देणाऱ्याकडे जाते. पाडकामात कंत्राटदाराची कमाई भंगारातून होत असल्यामुळे माल लवकर मोकळा करण्याकडेच त्याचे लक्ष राहते. अर्धवट फोडलेल्या स्लॅबखाली बसून गॅस कटरने सळ्या कापणारे मजूर मी म्हापशात पाहिले आहेत. एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि रस्त्याच्या बाजूला साधी जाळीही नव्हती.

नियम नाहीत असे नाही. आधी इमारतीची पाहणी, मग वीज-पाण्याची जोडणी तोडणे आणि त्यानंतर वरून खाली एकेक मजला उतरवणे, हा क्रम भारतीय मानक ४१३० मध्ये दिलेला आहे. राडारोड्यासाठी केंद्राने २०१६ साली स्वतंत्र नियम केले, तरी जांभ्या चिऱ्यांचे आणि काँक्रीटचे ढीग शेतांत आणि खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतजमिनींच्या, कडेला पडतातच. काम घेणाऱ्याला यातले काही येते की नाही, हे मात्र परवाना देताना कुणी पाहत नाही.

पाडकाम अनुभवी स्थानिक कंत्राटदारालाच द्यावे, असा माझा आग्रह आहे. तो मी केवळ आपलेपणापोटी धरत नाही, जरी आपलेपणाही आहेच. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती पुष्कळदा मातीत रचलेल्या असतात. डोक्यावर छप्पर आहे तोवर त्या पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहतात; पण मे महिन्यात नळे आणि वासे विकून भिंती तशाच सोडल्या, तर पहिल्या मोठ्या पावसात सांध्यांतली माती वाहून जाते आणि भिंत शेजाऱ्याच्या अंगणात येते. पणजीतल्या फोंतेन्याससारख्या जुन्या वस्तीत घरे एकमेकांना टेकलेली आहेत. तिथे पोकलेन लावण्याआधी शेजारच्या भिंतीला धिरे देऊन वरचे काम हातानेच उतरवावे लागते. हे ज्याला अनुभवाने ठाऊक आहे आणि तडा गेल्यावर जो दुसऱ्या दिवशीही गावातच सापडेल, अशाच माणसाला हे काम मिळावे. नोएडाचे जुळे मनोरे २०२२ साली पाडताना शेजारच्या इमारतींवर कापड पांघरले होते. आपल्या दुमजली घरांना तेवढा थाट नको, पण काळजी तीच हवी.

म्हणून विनंती अशी, की पाडकाम कंत्राटदारांची वेगळी नोंदणी सुरू करावी. अनुभव, पाहणीसाठी अभियंता, मजुरांचा आणि शेजाऱ्यांच्या नुकसानीचा विमा व राडारोडा टाकण्याची नक्की केलेली जागा एवढे पाहूनच परवाना द्यावा. लहान कंत्राटदारांना प्रशिक्षण आणि मुदत द्यावी, नाहीतर ही यादी दोन-तीन बड्या मंडळींच्या खिशात जाईल. सुरुवात सरकारच्या स्वतःच्या मोडकळीस आलेल्या इमारतींपासून व्हावी आणि त्यांच्या निविदांत भंगाराची किंमत व पाडण्याचा खर्च वेगवेगळा मागवावा.

आपला विश्वासू,
म्हापशातील एक स्थापत्य अभियंता