आमदाराचा कारखाना आणि आपला ऊस

संकेश्वर (जि. बेळगाव)

प्रिय दोस्ता,

पत्र मिळालं. "घरचा धंदा असलेला माणूस आमदार झालेला बरा, त्याला खायची गरज नसते," असं तू लिहिलंस. पुण्यात राहून तसं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याकडं धंदा म्हणजे साखर कारखाना, आणि मतदार म्हणजे त्यालाच ऊस घालणारा शेतकरी.

हुक्केरी मतदारसंघाचंच घे. १९८५ साली वडील विश्वनाथ कत्ती वारले आणि उमेश कत्ती पोटनिवडणुकीत आमदार झाले. पुढं पक्ष बदलले, २००८ साली भाजपमध्ये आले, मतदारसंघ मात्र तोच. बेल्लद बागेवाडीला घरचा कारखाना. मंत्री असतानासुद्धा वेगळ्या उत्तर कर्नाटकाची मागणी उघड करायचे, ती धमक मला आवडायची. सप्टेंबर २०२२ मध्ये गेले आणि २०२३ ला मुलगा निखिल निवडून आला. गोकाककडं जारकीहोळी बंधू, कागवाडला २०२३ पर्यंत श्रीमंत पाटील, तिथंही घरात आमदारकी आणि कारखाना दोन्ही. कायद्यानं यात काही चूक नाही. 'लाभाचं पद' म्हणजे सरकारी पद, स्वतःचा कारखाना त्यात येत नाही.

मग अडतं कुठं? आमच्याच रानातलं सांगतो. थोरला भाऊ निवडणुकीत दुसऱ्या उमेदवाराच्या स्टेजवर बसला. त्या हंगामात आमची ऊसतोड लांबत गेली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय रोज म्हणायचा, "उद्या टोळी लावतो." आडसाली उसाला तुरे आले, शेंडे वाळले, कांडी मोडून बघितली तर आत पोकळ. टोळी आली तेव्हा मुकादमानं वरचे पैसे मागितले, ते दिले. उसाचं टनेज घटलं ते घटलंच. मुद्दाम केलं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण आई भावाला म्हणाली, "कशाला चढलास रे त्या स्टेजवर?" दोस्ता, ही भीती मला नुकसानापेक्षा जास्त लागली. तोडीची चिठ्ठी, वजनकाटा, बिल आणि मत मागणारा हात, सगळं एकाच घरात असल्यावर माणूस बोलणार कसा?

नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात गुर्लापूरला शेतकरी ऊसदरासाठी रस्त्यावर बसले. टनाला ३,५०० मागितले, सरकारनं ३,३०० ठरवले. रस्त्यावर का बसावं लागलं? बेळगावात सुवर्णसौध ही विधिमंडळाची इमारत आहे, हिवाळ्यात तिथं अधिवेशन भरतं. पण कारखानदार सत्तेच्या बाकावरही आहेत आणि विरोधातही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, १४ दिवसांत बिल द्यायचं, नाहीतर १५ टक्के व्याज. ते व्याज आमच्या खात्यावर कधी आलेलं नाही, आणि ते मागायला जायचं कुणाकडं, तर आमदाराकडंच.

कारखाना काढू नये असं मी म्हणत नाही. तो नसता तर आपल्या भागातली निम्मी पोरं तुझ्यासारखीच पुण्याला गेली असती. पण ऊसदराच्या बैठकीत कारखानदार आमदारानं बाजूला बसावं, आणि काटा गेटाबाहेर सरकारचा असावा. एवढं झालं तरी आई कुणाच्या स्टेजवर कोण बसलं याची काळजी करणार नाही.

आता कामाचं. तुझ्या वाटणीच्या रानातला खोडवा ऊस यंदा पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्याला घालावा असं वाटतं. हद्दीवर राहण्याचा आपल्याला तेवढा तरी फायदा आहे. वाहतुकीचं मी बघतो. तुझा होकार कळव, म्हणजे तिकडं नोंद करून टाकतो.

तुझाच,
दोस्त