झाड उतरवण्याआधी लेखी परवानगी घ्या

मा. संपादक,

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात धोकादायक झाडे उतरवण्याची घाई सुरू होते. गेल्या वर्षी आमच्या अंगणातला आतून पोकळ झालेला गुलमोहर काढताना, 'परवानगीचे आम्ही बघतो' असे सांगणाऱ्या ठेकेदारावर मी विश्वास टाकला आणि ती माझी चूक ठरली. त्याची माणसे चपला घालून शेंड्यावर चढली, फांदी दोराने न बांधताच कापली गेली, ती शेजाऱ्यांच्या कुंपणाची भिंत पाडून विजेच्या तारेवर लोंबकळत राहिली, आणि खाली उभा असलेला मुलगा हातभर अंतराने वाचला. तो क्षण आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार खासगी जागेतले झाडदेखील पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून जो ठेकेदार लेखी परवानगी पाहिल्याशिवाय करवतीला हात लावत नाही, तोच खरा भरवशाचा, असे माझे स्पष्ट मत आहे. जागेवर न येता फोनवरच दर सांगणाऱ्याला काम देऊ नये. कामगारांचा विमा, हेल्मेट व सुरक्षा पट्टा, विजेचा प्रवाह बंद ठेवण्याची व्यवस्था, नुकसान झाल्यास भरपाई कोणाची, आणि ओंडके कोण नेणार, हे सारे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कागदावर यायला हवे. महापालिकेच्या उद्यान विभागाने परवानगीपत्रासोबतच ही यादी घरमालकांच्या हाती द्यावी, अशी माझी विनंती आहे.

– एक ज्येष्ठ नागरिक, पुणे