मावशीच्या फोनवर तुझी वेबसाइट

सदाशिव पेठ, पुणे

चि. बंटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या फोटोग्राफीच्या वेबसाइटचा विषय काढला की "हो गं आई, बघतो" म्हणून तू ठेवून देतोस. म्हणून हे पत्र.

मावशीच्या नातवाची मुंज आहे. मी मोठ्या तोऱ्यात तिला तुझी वेबसाइट उघडायला लावली. फोनवर नुसतं गोल फिरत राहिलं. ती उठून गॅसवरचं दूध बघून आली, तरी फोटो अर्धाच. शेवटी कोथरूडच्या कुणा फोटोग्राफरला फोन लावून तिने ठरवूनही टाकलं. सख्ख्या मावशीने!

अप्पा बळवंत चौकातल्या छापखान्यात मी वीस वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम केलं, तेव्हा दुखणं मला लगेच कळलं. १२ एमबीचे फोटो तू कॅमेऱ्यातून काढून जसेच्या तसे चढवलेस. ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतात ते छपाईला. पडदा फक्त पिक्सेल मोजतो. लांब बाजू २००० पिक्सेलची ठेव आणि वेबपी या वेबसाठीच्या हलक्या फॉरमॅटमध्ये सेव्ह कर. बहुतेक फोटो तीन-चारशे केबीत बसतील आणि डोळ्यांना फरकही कळायचा नाही. ते आपोआप वाजणारं संगीतही काढ.

आता फोटोंचं. मुळशीच्या सूर्यास्तातली जोडपी मोजली, नऊ भरली. सुंदर आहेत, पण मावशीने विचारलं, "याला मातृभोजन कधी असतं ते तरी ठाऊक आहे का?" तुला ठाऊक आहे रे! दादाच्या मुलाच्या मुंजीत शेवटचा घास भरवताना वहिनीचे डोळे भरले होते आणि बटूचं सगळं लक्ष जिलबीकडे. तो फोटो तू हार्डडिस्कमध्ये पुरून ठेवलास. तो सगळ्यांत वर लाव. (आधी दादा-वहिनीला विचार. मूल आपल्या घरातलं असलं तरी.) मुंज, डोहाळजेवण, साठीशांत यांची वेगवेगळी पानं कर. लोक गूगलवर "पुण्यात मुंजीचे फोटोग्राफर" असंच शोधतात आणि तुझ्या साइटवर पुणे हा शब्दच नाही. आहे काय, तर "क्षणांचा किमयागार". आणि फोटोचं नाव डीएससी_४५२१! त्यातून गूगलला काय डोंबल कळणार?

दराच्या जागी "संपर्क करा" लिहिलंस. आपल्याकडे दर दिसला नाही की माणूस महागच धरतो. अर्ध्या दिवसाचे किती पैशांपासून, त्यात एडिट केलेले फोटो किती, अल्बम कधी हातात येणार, हे लिहून टाक. आठ रकान्यांचा तो फॉर्मही काढ, व्हॉट्सॲपचं एक बटण पुरे.

गूगलवर व्यवसायाचं प्रोफाइल फुकट उघडता येतं, तेही कर. अल्बम देताना माणसं खूश असतात, तेव्हाच अभिप्राय मागत जा. मला मात्र लिहायला सांगू नकोस, आडनाव बघून लोक हसतील.

रविवारी जेवायला ये, अळूची भाजी करते. येताना हार्डडिस्क आण, फोटो आपण दोघं मिळून निवडू.

तुझी,
आई