मामांकडचा रविवार

प्रिय संद्या,

तुझा मेसेज बघितला, "फोटो टाक की लेका" म्हणून, पण रविवारचे फोटोच नाहीयेत रे, कारण रविवारी आम्ही काही म्हणजे काहीच केलं नाही, आणि या आख्ख्या ट्रीपमध्ये मला सगळ्यात जास्त तोच दिवस आवडलाय, म्हणून म्हणलं मेसेजमध्ये मावणार नाही, सविस्तर लिहू.

पुण्याहून उज्जैनला गाडीनं निघालोय हे तुला माहितीय. बाबांची एक्सेल शीट आहे, किती वाजता कुठं, डिझेल कुठं टाकायचं, टोल किती, सगळं त्यात. शनिवारी सिल्लोड, अजिंठा घाट, फर्दापूर, पहूर, जामनेर करत भुसावळला पोचेपर्यंत अंधार पडला, मग तापी ओलांडून फैजपूरच्या पुढं मामांच्या गावात शिरलो. शीटप्रमाणे रविवारी सकाळी सातला निघून चांगदेव, तिथला तापी-पूर्णेचा संगम, मग मुक्ताईनगर, आणि मुक्कामाला बऱ्हाणपूर. मामांनी चष्मा लावून ती शीट वरपासून खालपर्यंत वाचली, मोबाईल बाबांना परत दिला आणि म्हणाले, "दाजी, उद्या भरीत आहे." झालं. बाबा, ज्यांच्यापुढं आमच्या घरात कुणाचं चालत नाही, ते गपगुमान मफलर गुंडाळून झोपायला गेले.

सकाळी थंडी म्हणजे काय विचारू नकोस. उन्हाळ्यात इथं माणूस भाजून निघतो त्यामुळं आपल्याला वाटतं जळगाव म्हणजे नुसतं ऊन, पण जानेवारीत पहाटे अंगणात शेकोटीशिवाय बसवत नाही. मामा एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन बऱ्हाणपूरचा केळीचा भाव बघत होते. मी सहज विचारलं कसं काय चाललंय, तर तासभर केळीच! मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाची लागवड, कधी करायची, कांदेबाग, म्हणजे पाऊस सरतानाची, कधी, थंडीत चरका बसला की घड कसा पोसत नाही, आणि ते सगळं निभावलं तरी मे-जूनमध्ये एक वादळ आलं की उभी बाग आडवी. मामेभाऊ म्हणे "आता बास करा, तो पुण्यात डझनानं घेतो केळी", पण मला खरंच इंटरेस्ट होता रे, आपण गाड्यावर दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि या माणसाचं वर्ष त्या भावावर टांगलेलं असतं.

मग भरीत. तू हॉटेलात खातोस ते विसर. वांगी बामणोदची, पांढरट हिरवी, एकेक हातभर, आत बिया नावालाच. शेतात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ केला आणि वांगी सरळ त्यात टाकली. गॅसवर भाजलेलं वांगं आणि हे, तुलनाच नाही. साल काळी होऊन तडकली की बाहेर काढायची, ती सोलायचं काम पोरांकडं, बोटं भाजतायत, ओरडतायत, तरी एकजण हलत नव्हता. मग लाकडी खोलगट भांड्यात हिरव्या मिरच्या, लसूण आणि ते वांगं ठेचायचं. मिक्सरचं नाव काढलं तर मामींनी असं बघितलं की बायको पुढं बोललीच नाही. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि तेल, तेलाला इथं हात आखडत नाहीत. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या, मुळा, कच्चा कांदा, आणि ताट म्हणजे बागेतलंच केळीचं पान. बाबांनी तिसऱ्यांदा भरीत मागितलं तेव्हा आईनं डोळे वटारले, बीपीच्या गोळीची आठवण करून दिली, उपयोग शून्य.

आईचं मात्र सांगायलाच पाहिजे. पुण्यात ती कशी गप असते तू बघितलंयस, सोसायटीत कुणाशी बोलायचं तरी मोजून मापून. इथं अर्ध्या तासात बोलणं बदललं, "काय करू राह्यली गं" असं मामीला ओरडून विचारतेय, चुलीपुढं मांडी घालून बसलीय, मामांना लहानपणी कसं विहिरीत ढकललं ते सांगून स्वतःच हसतेय. माझी पोरगी बघतच राहिली, म्हणे आजी अशी पण असते का.

दुपारी निंबाखाली खाटा टाकल्या आणि सगळे आडवे. समोर सातपुडा निळसर दिसत होता, मध्ये सगळी केळीच केळी. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो तर मामांनी फैजपूरच्या काँग्रेसचा विषय काढला. 1936 साली खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन ते, अध्यक्ष नेहरू, आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू वगैरे साध्या सामानातून केली होती. आजोबा तेव्हा दहाएक वर्षांचे, बघायला चालत गेले होते म्हणे, आणि त्यांना नेहरूंपेक्षा गर्दीच जास्त लक्षात राहिली. शाळेत आपण ते फैजपूर एका मार्काला पाठ केलं, ते माझ्या आजोळाच्या शेजारी आहे हे कधी डोक्यातच आलं नाही बघ.

रात्री शेवभाजी होती, पण पोटात जागा कुठं! मी रस्सा तेवढा प्यायलो, नाकाडोळ्यातून पाणी.

सोमवारी निघताना मामांनी आख्खा घड डिकीत घातला, बॅगा मागच्या सीटवर पोरांच्या मांडीवर. चांगदेव, मुक्ताईनगर राहिलंच, येताना बघू म्हणालेत बाबा, पण येताना मामा सोडतील असं मला तरी वाटत नाही. रावेर, बऱ्हाणपूर, असीरगड करत आता ओंकारेश्वरला टेकलोय, लॉजच्या खोलीत सगळीकडं केळ्याचा वास आणि पोरं आता केळं म्हणलं की पळून जातात.

पुढच्या थंडीत तू आणि वहिनी चलाच, मामांना सांगून ठेवलंय. फक्त शीट वगैरे करू नकोस. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझाच,
पक्या