वन्सं, एकोणीस साते किती?

दांडिया बाजार, बडोदे

तीर्थस्वरूप वन्संना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं म्हणून दोनदा लिहिलं आणि दोन्हीदा फाडलं. एकाच ओट्याशी वावरणाऱ्या माणसाला पत्र कसलं द्यायचं? तोंडाने म्हणावं तर ‘आभार कसले मानतेस, दूध उतू चाललंय ते बघ’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

पुण्याकडे आता नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही, असं तुमची भाची सांगते. म्हणत नसतील. आमच्याकडे बत्तीस वर्षं पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, फ्रिजवर अजून शिट्टी ठेवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

२०२३ च्या जूनमध्ये माझा रिपोर्ट आला. साखरेची तीन महिन्यांची सरासरी ६.१. म्हणजे ५.७ ची वेस ओलांडलेली आणि ६.५ ची, जिथून मधुमेह म्हणतात ती, अजून लांब. मी त्याच रात्री वहीत लिहून काढलं: रोज पाच किलोमीटर, दहा किलो वजन कमी, गोड बंद. तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि म्हणालात, “यातलं उद्या सकाळी काय करणार आहेस?” मला सांगता येईना. मग तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढलंत आणि जुलैच्या पहिल्या दहा चौकटींत एकच शब्द लिहिलात: बूट.

दहा दिवस फक्त बूट घालून खाली रस्त्यापर्यंत उतरायचं आणि परत वर यायचं. चालणं नाही, धावणं नाही. मला अपमान वाटला होता, आज कबूल करते. पण चौथ्या दिवशी खाली उतरल्यावर लगेच वर यावंसं वाटेना. सहाव्या दिवशी मी सुरसागरापर्यंत गेले. तळ्यातल्या महादेवाकडे बघून आले आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला कळलं होतंच. बुटांना चिखल होता.

धावायला लागले ते ओढणी कमरेला खोचून. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. कोपऱ्यावरचा दूधवाला पहिल्या दिवशी घाबरून “शुं थयुं, बेन?” म्हणत मागे आला होता. समोरच्या काकूंनी तर जिन्यात गाठून सांगितलं, या वयात बायकांनी धावलं की अंग बाहेर येतं. तुम्ही वरच्या कठड्यावरून त्यांना १९२८ चं ऑलिंपिक ऐकवलंत: बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली, काही जणी दमून खाली बसल्या, वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद. बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडलं. “८०० मीटरसाठीच बत्तीस वर्षं लागली तुमच्यासारख्या काकूंना समजवायला,” असं म्हणालात. काकू महिनाभर बोलत नव्हत्या. हळदीकुंकवाला त्यांची समजूत मला काढावी लागली, ते वेगळंच.

आणि ती दुकानातली संध्याकाळ. बूट मी सकाळी घेणार होते. तुम्ही संध्याकाळी नेलंत, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि धावताना आणखी फुगतो. अर्धा नंबर मोठा घ्यायला लावलात, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडतं म्हणून. तिथून हाताला धरून दुसऱ्या दुकानात नेलंत आणि काउंटरवरच्या कोवळ्या पोराला मोठ्या आवाजात विचारलंत, “धावण्याची ब्रा आहे का, घट्ट बसणारी?” मला जमीन दुभंगावी असं झालं. पण वन्सं, माझं अर्धं धावणं तिथे सुरू झालं. इतकी वर्षं पळताना हात छातीशी धरायची सवय होती, आणि ती सवय आहे हेही मला माहीत नव्हतं.

तुमची मुख्य युक्ती पाढ्यांची. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, एवढं शास्त्र. इतरांनी सांगितलं असतं, गप्पा मारत धाव. तुम्ही काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या फाटकाशी, कमाटीबागेत शिरल्या शिरल्या असलेल्या बाकावर बसायचात. मी फेरी मारून समोरून गेले की ओरडायचात, “एकोणीस साते?” धापा टाकत ‘एकशे…’ म्हणून अडकले की शिट्टी. मग चालायचं. बागेत फिरायला येणारे निवृत्त लोक पुढे पुढे माझ्या आधी उत्तर द्यायला लागले.

नडगी दुखायला लागली तेव्हा मी लपवलं होतं. तुम्ही चालीवरून ओळखलंत, आठवडाभर बंद केलंत आणि नंतर दर आठवड्याला दहावा हिस्साच वाढवायचा असं ठरवून दिलंत. दहा किलोमीटरवरून अकरा. मला कंजूषपणा वाटायचा. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, बागेत पाणी शिरलं, मगरी लोकांच्या दारात आल्या. मी म्हटलं, आता सुटले. तुम्ही जिना दाखवलात. अठ्ठेचाळीस पायऱ्या, वीस वेळा, हातात कंदील, कारण वीज नव्हती. आपल्याच रस्त्यावर जुम्मादादांची व्यायामशाळा, तिथल्या व्यायामगुरू माणिकरावांचं नाव ऐकत सगळा मोहल्ला मोठा झाला, मामंजी तिथे मल्लखांब करायचे. आणि मी लग्नानंतर बावीस वर्षं त्या दारावरून भाजीची पिशवी घेऊन नुसती जात होते. त्या रात्री जिन्यावर घाम पुसताना ते मला पहिल्यांदा विचित्र वाटलं.

मग ती ट्रंक. पुरानंतर कपडे वाळवताना तळाशी एक कापडी नंबर सापडला, चार कोपऱ्यांना सेफ्टी पिनांची गंजकी भोकं. तुम्ही सहज सांगितलंत. १९७२ साल, तुम्ही सोळा वर्षांच्या, ८०० मीटरसाठी राज्यपातळीवर निवड झालेली. शर्यतीच्याच दिवशी मोठ्या वन्संना बघायला पाहुणे येणार होते, घरात माणूस हवं म्हणून तुम्हाला थांबवून घेतलं. “मंडळी नकार देऊन गेली,” तुम्ही म्हणालात, “पोहे मात्र तीनदा घेतले.”

मी रडले. आणि जोरात म्हणाले, वन्सं, मी अर्धी मॅरेथॉन धावेन, हा नंबर लावून, तुमच्यासाठी.

तुम्ही इतक्या चिडलात की मी घाबरले. “माझी रुखरुख माझी आहे. ती मी बावन्न वर्षं नीट सांभाळली आहे. तू नको घालूस ती गळ्यात. एकविसाव्या किलोमीटरला पाय भरून येतील तेव्हा माझं नाव काही कामाला येणार नाही. तुला काय हवंय ते लिही, नाहीतर राहू दे.”

सबंध आठवडा मला काही सुचलं नाही. साखर तर ५.६ वर आली होती, वजनाचं म्हणाल तर चारच किलो उतरलं होतं आणि त्याचं दुःख संपलं होतं. मुलगी पुण्याला, यांचा डबा, कॉलनीतल्या शिकवण्या, सगळं मार्गी. मला काय हवंय हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता असं नाही. विचारला की मी ‘तुम्हाला काय चालेल?’ म्हणायचे. शेवटी कॅलेंडरवर लिहिलं: २१ किलोमीटर. शेवटच्या किलोमीटरला बोलता आलं पाहिजे. तुम्ही वाचून फक्त शुद्धलेखन सुधारलंत.

या सगळ्यात खरा खर्च कुणी केला ते आता सांगते. आठवड्यातून चार दिवस सकाळी साडेपाच ते साडेसात मी घरात नसायचे. तेव्हाचा चहा, डबा, पोळ्या तुम्ही केल्यात, दुखऱ्या गुडघ्यांवर उभं राहून. तुमच्या पोळ्या जाड होतात, वन्सं. घराने दीड वर्षं त्या निमूटपणे खाल्ल्या. एकदाच हे म्हणाले, “आज भाकरी का?” तुम्ही शिट्टीकडे नुसतं बघितलंत. माझ्या पायांत जे काही बळ आलं ते त्या जाड पोळ्यांचं आहे. ते लिहायचं राहून गेलं असतं तर मात्र मला जन्मभर रुखरुख लागली असती.

हिवाळ्यात नवलखी मैदानावरून पहाटे निघालो तेव्हा अंधार होता. २१.०९७५ किलोमीटरमधलं ते ०.०९७५ कुणाच्या डोक्यातून आलं, असा राग मला अठराव्या किलोमीटरपासून येत होता. शेवटच्या वळणावर तुम्ही प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होतात, हातात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. टाळ्या नाहीत, शाबासकी नाही. “एकोणीस साते?”

मी मोठ्याने, स्पष्ट, न धापता म्हणाले, “एकशे चौतीस!”

तीन तास चार मिनिटं लागली. पदक मिळालं. परत येताना सेव-उसळ खाल्ली. मला तिखट चालत नाही म्हणून माझी अर्धी प्लेटही तुम्हीच संपवलीत. आणि आजतागायत घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही पदक न दाखवता ते चौतीस सांगता.

पुढच्या महिन्यात तुमच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवसापासून उभं करू म्हटलंय. काल तुम्ही झोपल्यावर मी कॅलेंडर काढलं आणि तारखेनंतरच्या दहा चौकटी भरल्या. काय लिहिलंय ते सकाळी वाचा. पेन बाजूलाच ठेवलं आहे, खोडायचं असेल तर खोडा आणि तुमचं लिहा. पोळ्या मी करीन. शिट्टी फ्रिजवरून काढून माझ्याकडे घेतली आहे, शोधू नका.

तुमची,
धाकटी वहिनी